चौकट सरांची सही

चौकट सर भेटले की आधी समोरच्याचा फोन मागायचे. नवा, चकचकीत असला तर न पाहताच परत. काच तडकलेला, रबरबँड गुंडाळलेला फोन दिसला की मात्र त्यांची कळी खुलायची. सिंदी रेल्वे या आमच्या गावात त्यांचा वेबसाइट शिकवण्याचा क्लास होता आणि मी तिथली सगळ्यात भांडखोर मुलगी. काही बनवून दाखवलं की ते विचारायचे, "तुह्या फोनवर चालते, ठीक हाय. तुह्या बुढ्याच्या फोनवर चालते काय?" माझ्या बाबांचा फोन त्यांनी इतक्यांदा मागून नेला की बाबा एकदा म्हणाले, "फोनसंगं मलेच ठेवून घ्या म्हणा त्याह्यले."

चौकट सर हे नाव आम्हीच पाडलं. "वेबचं पान एकच बनवजो. त्याले मोबाइलची चौकट लावली का मोबाइलचं ॲप, कॉम्प्युटरची लावली का कॉम्प्युटरचं. दोनदा काऊन मरतं?" हे त्यांचं रोजचं पालुपद. पुण्याची नोकरी आली तर गेले नाहीत. इथेच बसून त्यांनी आमच्यासारख्या भाजीवाल्या घरांसाठी ॲप केलं. कोणाची किती वांगी, किती पालक निघणार ते संध्याकाळी फोनवर टाकायचं. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, घरी तेच पान कॉम्प्युटरवर पाहून गाडी ठरवायच्या, आणि सगळ्यांचा माल एकत्र वर्ध्याच्या बाजारात जायचा. व्यापाऱ्याच्या गाडीची मिनतवारी संपली होती. बाबा तेव्हा किती ताठ चालायचे!

सर पासवर्ड मात्र कधीच लिहून ठेवत नसत. मी चिडले की हसायचे. "डोक्यात हाय नं. डोकं कुठं जाऊन राह्यलं?"

एका दुपारी शिकवताना ते खाली बसले ते उठलेच नाहीत. सावंगीच्या दवाखान्यात जीव वाचला, पण वाचा गेली. 'हाव', म्हणजे 'हो', एवढा एकच शब्द उरला. पाणी हवं का? हाव. दुखतं का? हाव. त्यानंतर थोड्याच दिवसांत सगळ्यांच्या फोनमध्ये कसलंसं अपडेट आलं आणि ॲप उघडलं की नुसता पांढरा पडदा दिसू लागला. दुरुस्ती मला येत होती. पण जुन्या ॲपवर नवं बसवायचं तर फोन ॲप बनवणाऱ्याची तीच डिजिटल सही मागतो, आणि त्या सहीचा पासवर्ड सरांकडेच होता.

"विचार तू, तुले सांगतीन ते," काकू म्हणाल्या. मी विचारलं, "सर, पासवर्ड आठवते काय?" "हाव." "कोणता?" "हाव." मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्यांचा हात सोडवेना.

शेवटी मी दुसरं ॲप बनवलं. जुनं काढा, हे टाका, म्हणत गावोगाव फिरले. लोक ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे. तोवर सगळे पुन्हा व्यापाऱ्याच्या गाडीला लागले होते. बाबासुद्धा. मी खचले. काही राहिलं नाही असं वाटलं, अजूनही वाटतं.

सांगायला सरांकडे गेले. ते पलंगावर टेकून बसले होते. काकूंनी भात भरवला, औषध दिलं. प्रत्येक गोष्टीला त्यांचं 'हाव' चालूच होतं. मग मी म्हटलं, "सर, आपलं ॲप आता बंद करा लागते. करू काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काकूंनी पुन्हा विचारलं, "आयकलं काय? बंद करू म्हणते पोरगी."

सर काहीच बोलले नाहीत.