परदेशी पाहुणीची निवडणूक

"सायेब, ती गोरी बाय कंच्या पक्षाची हाय?"

हवालदार म्हात्रे माझ्या टेबलासमोर उभे होते. टोपी काखेत, हातात घडी केलेला कागद. चेहरा मात्र नेहमीचा नव्हता. एरवी ते आमच्या हॉस्पिटलात मारामारीच्या केसचे जबाब घ्यायला यायचे, चहा घ्यायचे आणि गुडघा दाखवून जायचे. आज त्यांनी चहाला नको म्हटलं. तिथेच मला कळायला हवं होतं.

"पक्ष? अहो म्हात्रे, ती विद्यार्थिनी आहे."

"म्हंजे इद्यार्थी संघटना?"

"संघटना नाही हो, डॉक्टरकी शिकते ती."

"आमी नाय बोलत सायेब. तुमचा कागद बोलतो." त्यांनी घडी उलगडून कागद माझ्यापुढे ठेवला. कागद माझाच होता. सही माझी, भाषाही माझीच. फक्त तीन ठिकाणी लाल पेन्सिलीच्या रेघा होत्या, त्या अलिबागच्या, जिल्हा पोलिस कार्यालयातल्या होत्या.

हे सगळं नव्वदीच्या सुरुवातीचं. पनवेलमधल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी ऑफिस सुपरिंटेंडंट होतो. पद ऐकायला भारदस्त. काम म्हणजे डॉक्टरांना जे जे करायचा कंटाळा येतो ते ते करणं. परदेशी मेडिकल स्टुडंट्सची कागदपत्रं त्यातच मोडायची.

परदेशातल्या मेडिकल कॉलेजांत शेवटच्या वर्षाला एक सोय असते. सहा-आठ आठवडे विद्यार्थ्याने आपल्या पसंतीच्या ठिकाणी, अगदी दुसऱ्या देशातसुद्धा, जाऊन काम करायचं. त्याला 'इलेक्टिव्ह' म्हणतात. आमच्या मोठ्या डॉक्टर सामंत मॅडम काही वर्षं तिकडे शिकून आल्या होत्या, त्या ओळखीवर वर्षाला एखाद-दुसरा विद्यार्थी आमच्याकडे यायचा. या वेळी स्कॉटलंडहून फियोना आली होती. उंच, लालसर केसांची, आणि उन्हात निघाली की अर्ध्या तासात केसांच्याच रंगाची.

अशा विद्यार्थ्याची फाइल दोन भागांत असते. पहिला भाग तब्येतीचा. छातीचा एक्स-रे. मांटू टेस्ट, म्हणजे हाताच्या कातडीत क्षयाच्या तपासणीचं बारीकसं इंजेक्शन द्यायचं आणि दोन-तीन दिवसांनी तिथली गाठ पट्टीने मोजायची. आणि हेपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून होणारी कावीळ. तिच्या लशीचे तीन डोस झालेत आणि रक्तात संरक्षण तयार झालंय, असा रिपोर्ट लागतो. कारण साधं आहे. वॉर्डात सुई टोचली तर पेशंटचा आजार विद्यार्थ्याला होऊ नये, आणि विद्यार्थ्याचा आमच्या पेशंटला. फियोनाचे रिपोर्ट चोख होते. हेपॅटायटिसच्या रिपोर्टवर एकच शब्द होता, 'इम्यून'.

दुसरा भाग पोलिसांचा. परदेशी माणूस तुमच्याकडे राहायला आला की चोवीस तासांत 'सी फॉर्म' भरून कळवायचं. नाव, पासपोर्ट, व्हिसा, कुठून आला, कुठे जाणार. एक पानी फॉर्म. तो दिला की झालं.

हे "झालं" मला सहन होत नसे.

एकतर शाळेत निबंधाला माझं बक्षीस ठरलेलं असायचं. त्यात तेव्हा मराठीतून पत्रव्यवहार करा अशी परिपत्रकं निघत होती. ट्रस्टला ती लागू नव्हती, पण मी ती लावून घेतली. सरकारी शब्दांचा एक जाडजूड कोश टेबलावर आणून ठेवला आणि सी फॉर्मला जोडायला एक मराठी कव्हरिंग लेटर तयार केलं. ते कुणीही मागितलेलं नव्हतं, हे इथेच नोंदवून ठेवतो.

'इलेक्टिव्ह'ला शब्द शोधताना मी आधी 'पसंतीची नेमणूक' लिहिलं. ते फारच घरगुती वाटलं. कोश उघडला. 'इलेक्टिव्ह'समोर पहिलाच अर्थ भरभक्कम दिसला, तो उचलला. बाकीचे अर्थ पुढच्या पानावर होते. पान कोण उलटतं?

आता ते पत्र लाल रेघांसकट माझ्यासमोर होतं. म्हात्रे म्हणाले, "वाचा. मोठ्यान वाचा."

मी वाचलं. "विषय : परदेशी महिलेच्या निवडणूक नेमणुकीबाबत. महोदय, सदर महिला सहा आठवड्यांच्या निवडणूक नेमणुकीवर आलेली असून ती तालुक्यातील वाड्यावस्त्या व वीटभट्ट्यांवर फिरून प्रचारकार्य करणार आहे. तिच्या प्रतिकारक्षमतेची तपासणी करून खात्री करून घेण्यात आली आहे. तिच्यापासून स्थानिक जनतेस कोणताही धोका संभवत नाही."

वाचता वाचता माझा आवाज खाली खाली गेला. शेवटची ओळ मी जवळपास मनातच वाचली.

सांगायचं राहिलं. जिल्हा परिषदेच्या निवडणुका तीन आठवड्यांवर आल्या होत्या. भिंती रंगल्या होत्या, रिक्षांवर कर्णे चढले होते. अशा वेळी, आमच्या तालुक्यात प्रचारासाठी परदेशातून बाई मागवली आहे आणि ती प्रतिकार करायला सक्षम आहे, असं मी जिल्ह्याच्या पोलिसांना लेखी कळवलं होतं.

"जनतेला धोका नाय, ह्ये तुमी कशाला लिवलंत?" म्हात्रे कळवळून म्हणाले. "आमच्या डोक्यात पन नव्हतं."

हुकूम असा होता : खुलासा होईपर्यंत बाईने हॉस्पिटलचं आवार सोडायचं नाही. म्हात्र्यांनी तो मला ऐकवला, माझी सही घेतली आणि मगच चहा घेतला.

मी सामंत मॅडमकडे गेलो. मॅडमनी पत्र एकदा वाचलं. मग चष्मा काढून, पुसून, पुन्हा वाचलं.

"पाटणकर, 'प्रचार' कुठून आला?"

"आरोग्य प्रचार, मॅडम. 'आरोग्य' आधीच्या वाक्यात होतं. ते वाक्य लांबलं म्हणून काढलं."

"आणि प्रतिकार?"

"इम्यून."

मॅडम बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. वळल्या तेव्हा मात्र चेहरा गंभीर होता. "शुक्रवारी वीटभट्टीवर तपासणीचा कॅम्प आहे. तिच्या लॉगबुकात फील्डवर्क भरलं नाही तर तिचं कॉलेज हे इलेक्टिव्ह धरणार नाही. पदवी सहा महिने पुढे जाईल तिची. तुम्ही लिहिलंत ना? आता तुम्हीच निस्तरा."

त्या दिवशी मंगळवार होता.

फियोनाला सांगायचं काम उरलं. ती हॉस्टेलच्या पायरीवर वही घेऊन कॅम्पसाठी मराठी घोकत बसली होती. सिस्टरांनी तिला तीन वाक्यं रोमन अक्षरांत लिहून दिली होती. आ करा. जीभ दाखवा. घाबरू नका. मी तिला पत्राचं इंग्रजी करून सांगितलं. या बाई निवडणुकीसाठी आल्या आहेत, गावोगाव प्रोपगंडा करतील, त्यांची रेझिस्टन्सची ताकद डॉक्टरांनी तपासली आहे. ती इतकी हसली की वही खाली पडली. मग वही उचलताना तिच्या लक्षात आलं.

"मिस्टर पॅटनकार, पण मग शुक्रवार?"

मी म्हटलं, "आय विल डू द नीडफुल." हे वाक्य मी आयुष्यभर लिहीत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा अर्थ काय, असा प्रश्न मला पडला.

बुधवार फोनात गेला. अलिबागची लाइन लागेना, लागली तर साहेब बंदोबस्ताच्या मीटिंगमध्ये. शेवटी तिकडून निरोप आला, उद्या बाईला घेऊन समक्ष या. गुरुवारी सकाळच्या एसटीने आम्ही निघालो. मी, फियोना आणि आवाराबाहेर तिच्यावर नजर ठेवायला म्हात्रे. पेण येईपर्यंत म्हात्र्यांनी तिला स्वतःचा गुडघा दाखवला होता. तिने तो वाकवून, दाबून, कान लावून तपासला. "बाय डॉक्टरच हाय," म्हात्रे मला हळूच म्हणाले. "पन माजं कोन ऐकतो?"

अलिबागचे इन्स्पेक्टर किरकोळ अंगाचे, शांत गृहस्थ होते. मला ओरडणारा माणूस चालला असता. हे मास्तरांसारखे निघाले. माझं पत्र समोर ठेवून त्यांनी पेन्सिलीला टोक केलं.

"पाटणकर तुम्हीच का? मराठी चांगलं आहे तुमचं."

मी मूर्खासारखा थँक यू म्हणालो.

"ही निवडणूक कसली?"

"इलेक्टिव्ह, साहेब. म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः निवडलेली. ऐच्छिक."

"मग ऐच्छिक का नाही लिहिलंत?"

"तो अर्थ पुढच्या पानावर होता."

त्यांनी मान डोलावली आणि निवडणुकीवर काट मारली. "आणि ही प्रतिकारक्षमता?"

मी फाइल उघडून लशीचा रिपोर्ट दाखवला. त्यांनी 'इम्यून' हा शब्द वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. "रोगप्रतिकारक म्हणायचं होतं तुम्हाला. रोग. दोन अक्षरं वाचवलीत तुम्ही, आणि माझी दोन माणसं दोन दिवस तुमच्या तालुक्यात बाईचा पक्ष शोधत फिरतायत."

कोपऱ्यात टायपिस्ट खोकला. तो खोकला नव्हता.

मग साहेब फियोनाकडे वळले आणि पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाले, "तुम्ही इथे नेमकं काय करणार? बोला!"

त्यांनी मराठीत विचारलं होतं. फियोनाला वाटलं, तिच्या मराठीची परीक्षा चालू आहे. ती ताठ उभी राहिली. वहीतलं सगळं आठवून, इन्स्पेक्टरसाहेबांच्या डोळ्यांत बघत, मायेने म्हणाली,

"घाबरू नका."

म्हात्र्यांनी डोळे मिटले. मी मनातल्या मनात राजीनाम्याचा मसुदा सुरू केला, साध्या भाषेत.

"आ करा," फियोना पुढे म्हणाली. "जीभ दाखवा."

आधी टायपिस्ट फुटला. मग म्हात्रे. साहेबांनी रुमाल काढून तोंड पुसल्यासारखं केलं आणि बराच वेळ पुसतच राहिले. रुमाल बाजूला झाला तेव्हा म्हणाले, "मी घाबरलेलो नाही, बाई. यांना सांगा. हे घाबरलेत."

नंतर त्यांनी तिला इंग्रजीत नीट विचारलं. ऐच्छिक आहे, म्हणजे नाही आलात तरी चाललं असतं. मग इतक्या लांब कशाला? फियोना म्हणाली, तिकडे मी क्षयाचे दोन पेशंट पाहिले. तेही लांबून, सहा जणांच्या मागे उभं राहून. इथे मॅडम मला पेशंटच्या शेजारी बसवतात.

माझ्या पत्राच्या समासात साहेबांनी लिहिलं, 'इलेक्टिव्ह हा वैद्यकीय शब्द आहे. हरकत नाही.' खाली सही, तारीख. मग पेन्सिल ठेवत मला म्हणाले, "पुढच्या वेळी फक्त सी फॉर्म पाठवा. मराठीची सेवा दुसरीकडे करा."

शुक्रवारचा कॅम्प झाला. भट्टीवर विटा रचून त्यावर फळी टाकली होती, तेच टेबल. सामंत मॅडम तपासत होत्या, फियोना नाडी, वजन, छाती बघत होती, मी रजिस्टरमध्ये नावं लिहीत होतो. माझ्यावर सोपवलेलं मराठी तेवढंच. कातकरवाडीतली एक म्हातारी इंजेक्शनच्या सुईकडे टक लावून बसली होती. फियोना तिच्याजवळ वाकली आणि म्हणाली, "घाबरू नका." म्हातारीने तिच्या उन्हाने सोललेल्या नाकाकडे पाहिलं.

"मी नाय भीत. तूच सावलीत बस, बाय."

सहा आठवडे संपले. लॉगबुक भरलं, मॅडमच्या सह्या झाल्या. शेवटचं सर्टिफिकेट उरलं. आता मी शहाणा झालो होतो. कोश कपाटात बंद केला आणि सर्टिफिकेट सरळ इंग्रजीत टाइप केलं. तीन ओळी. मॅडमनी न वाचता सही केली, मी शिक्का मारला. फियोना स्टँडवर मला "येते हं" म्हणाली. हे मात्र तिला कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

महिन्याभराने तिच्या कॉलेजच्या डीनचं पत्र आलं. मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून ते माझ्या हातात दिलं. मजकुराचा सारांश असा : फियोनाचं इलेक्टिव्ह मान्य करण्यात आलं आहे, ती वेळेवर डॉक्टर होईल. आपल्या हॉस्पिटलचे मनःपूर्वक आभार. आपल्या सर्टिफिकेटनुसार तिने पनवेल येथे सहा आठवड्यांचं 'इलेक्शन' यशस्वीरीत्या पूर्ण केल्याचं वाचून आम्हाला अभिमान वाटला. ती किती मतांनी निवडून आली, हे कळवल्यास आभारी राहू.

मी फाइलमधली कार्बन कॉपी काढून पाहिली. इलेक्शनच होतं. सुंदर टाइप झालं होतं.

"काय कळवू, मॅडम?"

"बिनविरोध," मॅडम म्हणाल्या.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत आमच्याकडे बरेच परदेशी विद्यार्थी आले. प्रत्येकाच्या वेळी पोलिसांना माझ्याकडून एकच कागद गेला. वर नाव, खाली सही, मधे फॉर्मने विचारलेलं तेवढंच. हवालदार म्हात्रे तो घेऊन आधी मागची बाजू उलटून बघायचे. कोरी आहे अशी खात्री झाली की चहा घ्यायचे.