टेंपरेचरचा काटा

कॅम्प चार वस्तीतला आमचा ऑटो इलेक्ट्रिशियन कशालाही “बघू ना शेठ” एवढंच म्हणतो. मीटर बघण्याआधी बॉनेटवर तळहात टेकवतो.

माझ्या जुन्या पिकअपमधले डिझेलचा आणि टेंपरेचरचा असे दोन्ही काटे मेले होते. “गाडी विकायचीय. टेंपरेचरचा काटा मधोमध अडकवून टाक,” मी म्हणालो.

“बघू ना शेठ.”

डॅशबोर्डखाली वाकून त्यानं अर्थिंगची गंजलेली वायर खरवडून घट्ट बसवली. इंजिन चालू ठेवून कटिंग चहा प्यायला. काटा चढत चढत लाल पट्ट्यात गेला. मग त्यानं इंजिन बंद करून चावी माझ्या हातात ठेवली.

“काटा एकदम बरोबर आहे. आता विका बिनधास्त.”

मला रागच आला. पण संध्याकाळी बदलापूरचं गिऱ्हाईक आलं, तेव्हा बॉनेट उघडून मीच आधी म्हणालो, “ही तापते.”