शनिवारी आतडी, सोमवारी माणूस

हे बघा, चहाचा कप आधी खाली ठेवा. मागं एकदा हा किस्सा सांगत होतो, तर ऐकणाऱ्याच्या नाकातून चहा आल्ता आणि शर्ट माझा खराब झाल्ता! ठेवला? बरं. आता ऐका, एका शिकल्यासवरल्या माणसानं, म्हणजे मीच, एक ब्रश आणि अर्धा डबा निळा रंग घेऊन अख्खं गाव कसं पेटवलं ते!

मी जिल्हा परिषदेचा मास्तर. घर बदनापूरला, शाळा वाटूरच्या पुढं एका खेड्यात. आठवडाभर गावातच खोली करून राहतो, शनिवारी दुपारी घरी. गावाचं नाव विचारू नका, तिथून माझी अजून बदली झालेली नाही.

तर झालं काय, जालन्याला आमचं प्रशिक्षण झालं. विषय होता, चित्रकलेतून सगळे विषय शिकवा. शिकवणाऱ्या बाई काय बोलल्या म्हणून सांगू! "फळा विसरा! गणित रंगवा, भूगोल रंगवा, विज्ञान रंगवा!" मी तर जागच्या जागी पेटलो. वास्तविक माझा आणि चित्रकलेचा संबंध काय? लहानपणी मी हत्ती काढला, तर गुरुजींनी "किटली छान" असा शेरा दिल्ता!

पण अंगात आलं की माणूस ऐकतो का? शुक्रवारीच मी आमच्या मुख्याध्यापिका साळवे मॅडमला गाठलं. "मॅडम, सातवीला पचनसंस्था चित्रातून शिकवतो."

"शिकवा की सर. कागद देऊ?"

"कागद? छे! भिंत द्या! रस्त्याकडची! गावानं उभं राहून बघितलं पाहिजे!"

बघितलं हो, गावानं. उभं राहून, बसून, सगळ्या प्रकारांनी बघितलं.

आता आमच्या शाळेची ती भिंत लांबच लांब आणि बुटकी. एक टोक वरच्या आळीकडं, दुसरं टोक उतारावर, खालच्या आळीकडं. उभी पचनसंस्था तिथं मावणार कशी? म्हणून मी ती आडवी काढली. वरच्या आळीकडं तोंड, मधी जठर, मग लहान आतड्याचे हे एवढे वळसे, आणि मोठं आतडं थेट खालच्या आळीपर्यंत. रंग होता फक्त निळा, शाळेचं गेट रंगवून उरलेला. पोरं खूश! हात निळे, तोंडं निळी, एकाचे तर कानसुद्धा निळे.

शाळा सुटायची वेळ झाली. तोपर्यंत आतडी झाल्ती, माणूस राह्यला होता. म्हणजे भोवतीचं डोकं, हातपाय आणि सगळ्यांची नावं. म्हटलं, काय घाई आहे? शनिवारी आतडी, सोमवारी माणूस! असं ते माझं नियोजन.

इथं तुम्हाला एक गोष्ट सांगायला पाहिजे. त्या दिवसांत गावात एकच विषय होता, नवी नळयोजना. मंजूर झाल्ती, पण टाकी कुठं बसणार, पाइप कुठून जाणार, कुणालाच पत्ता नव्हता. मला हे सगळं माहीत होतं बरं का! पण त्या दिवशी डोक्यात आतड्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

मी ब्रश धुऊन राह्यलो होतो, तेवढ्यात धोंडीबा नानांनी मोटरसायकल थांबवली. नाना म्हणजे खालच्या आळीचे कारभारी. मागं त्यांची सूनबाई बसलेली.

"सर, काय काढून राह्यले हे?"

"वरून आलंय नाना. आता सगळीकडं असंच होणार."

"फायनल का?"

"फायनल म्हणजे? ऑइलपेंट आहे, जातो का आता!"

नाना उतरले. जवळ आले. जठरावर बोट ठेवलं. "हे मोठं कशाला?"

"इथं साठतं. तीन-चार तास. मग हळूहळू पुढं सोडायचं."

"बराबर. अन् हे इतके वळसे कामून?"

"वळशाशिवाय बसणारच नाही. जागा कमी, लांबी जास्त."

मला काय आनंद झाला सांगू! पालक स्वतःहून विज्ञान विचारतोय! नाना चालत चालत खालच्या टोकाला गेले. "अन् मंग खालच्याला काय?"

"खालच्याला? उरलंसुरलं! चांगलं चांगलं सगळं वरच शोषून घेतात."

नानांचा चेहरा काळाठिक्कर पडला. मला वाटलं, ऊन लागलं.

"अन् शेवटाला बाहेर कुठं निघतं?"

आता सूनबाईसमोर मी काय बोलणार, तुम्हीच सांगा! मी लाजून खाली बघितलं. "समजून घ्या ना नाना. निसर्गनियम आहे तो. तिथं कुणाचं चालत नाही."

"चालत कसं न्हाई ते बघतोच मी!" म्हणून नानांनी अशी किक मारली की मोटरसायकल सूनबाईला न घेताच निघाली. पुढं जाऊन परत आली, तिला घेतलं आणि गेली. मी मनात म्हटलं, काय ही जिज्ञासा!

आणि शांतपणे बदनापूरला गेलो. रविवारी वरणबट्टी हाणली आणि झोपलो. फोन वाजून राह्यला होता. मी उशीखाली ठेवला.

सोमवारी वाटूर फाट्यावर एसटीतून उतरलो, पुढं रिक्षानं गावात आलो. बघतो तर काय! शाळेसमोर ही गर्दी! वरच्या आळीच्या लोकायनी माझ्या जठराला हार घातलेला. हळदकुंकू, नारळ, उदबत्ती, सगळं! आणि खालच्या टोकाला बायका रिकाम्या घागरी घेऊन मोठ्या आतड्यासमोर धरणं धरून बसलेल्या. "उरलंसुरलं न्हाई चलणार! न्हाई चलणार!"

साळवे मॅडम गेटवर उभ्या. मला बघून एवढंच म्हणाल्या, "या सर. गावानं बघितलं."

तेवढ्यात सरपंच विष्णूआबा धावत आले. चांगला जाडजूड, मिशाळ माणूस, पण घामानं नुसता निथळत होता. "सर! मला न इचारता टाकी कुठं बसवली तुमी?"

"कोणती टाकी?"

"ही काय! हार घातलेली!"

"आबा, टाकी नाही हो! ते जठर आहे!"

"जठार? कोण जठार? गुत्तेदार हाय का, टाकीचं काम घेतलेला? जालन्याचा का परभणीचा?"

"गुत्तेदार नाही आबा, पोट! माणसाचं पोट आहे ते!"

"कोन्त्या माणसाचं?"

"कोणत्याही."

आबांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. "मंग माणूस कुठाय?"

आता काय सांगणार? मी हळूच म्हटलं, "माणूस... आज काढणार होतो."



"काढा मंग," नाना मागून ओरडले. "आत्ता काढा! जल्दी!"

झालं! अख्ख्या गावासमोर मी खडू घेऊन माणूस काढायला लागलो. आतड्याच्या मापानं पोट काढावं लागलं, म्हणून ते झालं भलंमोठं. डोकं काढलं, डोळे मिटलेले, आणि घाबरून नाकाखाली हात घसरला, तर तिथं जाड मिशी आली. आडवा, ढेरपोट्या, मिशाळ, डोळे मिटलेला माणूस.

गर्दीतून आवाज आला, "अरे, हे तं आबा हायेत! ग्रामसभेत बिलकुल असेच झोपतेत!"

धरण्यावरच्या बाया घागरी आपटून हसायला लागल्या. आबा लाल! "मिशी पुसा सर! आधी मिशी पुसा!"

पुसली. तर आता ते साळवे मॅडमच्या मिस्टरांसारखं दिसायला लागलं. मॅडमनं माझ्या हातातला खडू काढून घेतला.

पण नाना सोडतात का? "पोट तं पोट! पण मला एक सांगा सर, ह्याच्यात पाण्याचं काय?"

मास्तरची जीभ हो! विचारलं की उत्तर द्यायचं, मागचंपुढचं बघायचं नाही. "पाणी? ते मोठ्या आतड्यात शोषतात की!"

असं मी म्हटलं हो, सगळं मिटत आलेलं असताना!

"आयका!" नानांनी टोपी हवेत उडवली. "सर सोताच म्हणले! पाणी मोठ्या आतड्यात! अन् मोठं आतडं आमच्याकडं!" खालच्या आळीनं जल्लोष केला. वरच्या आळीनं जठरावरचा हार काढून घेतला. नारळ फुटला होता, नाहीतर तोही परत नेला असता.

शेवटी मॅडमच पुढं झाल्या. सगळ्यांना शाळेत बसवलं, घास तोंडातून निघाल्यापासून सगळं नीट समजावून सांगितलं, नळयोजनेचा नकाशा ग्रामसभेतच येईल हे आबांच्या तोंडून वदवून घेतलं आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. लोक हसत हसत घरी गेले. नाना तर जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सर, पयल्यांदा काही ध्यानात राह्यलं शाळेतलं!"

आणि राह्यलं हो, खरंच! पोरांचं सोडा, म्हातारी माणसंसुद्धा पचनसंस्था बिनचूक सांगायला लागली. पण त्याच्यापायी आळ्यांची नावंच बदलली. "कुठं निघाले?" "जठरात, लग्नाला." "पाव्हणे कुठं उतरले?" "लहान आतड्यात, तिसऱ्या वळशाला." मला वाटलं, चला, शिक्षण गावात मुरलं. ऊर अभिमानानं भरून आल्ता माझा.

मग एका गुरुवारी परतूरहून मला बघायला पाव्हणे आले. मुलीचे वडील, मामा, सगळे. मी इस्त्रीचा शर्ट घालून खोलीच्या दारात उभा. खोली माझी खालच्या आळीला, रस्ता संपतो तिथं, अगदी टोकाला.

मुलीचे वडील गाडीतून उतरले. मला खालून वर न्याहाळलं. माझ्या खोलीकडं बघितलं. परत माझ्याकडं बघितलं.

"तुमीच का ते सर?"

"हो, मीच. या ना. घर सापडायला त्रास नाही ना झाला?"

"न्हाई, त्रास काय! फाट्यापासून ज्याला इचारलं त्यानं एकच सांगितलं. म्हणले, मोठं आतडं धरून सरळ खाली जा, अन् शेवटाला जे बाहेर आलेलं दिसंल, तेच आमचे सर!"