गुरख्याचं फाटक

ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा सुमार असेल. रत्नागिरीजवळच्या आमच्या हापूसच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी गुरख्याने पहिल्याच शिमग्याला गावदेवीची पालखी फाटकावर अडवली. काठी आडवी धरून तो एकच सांगत होता, “मालक बोलला, कोणाला सोडायचा नाही.” वडील धावत आले, तेव्हा कुठे काठी बाजूला झाली. मग दिवसभर त्याने मान वर केली नाही.

पुढच्या शिमग्याला पालखी आमच्या अंगणात नाचून परत निघाली, तेव्हा म्हातारे मानकरी थबकले. “अरे, गुरख्याचं घर ऱ्हायलं ना.”

पालखी बागेत शिरली. खोपीपुढचं अंगण सारवून गुरखा नारळ छातीशी धरून उभा होता.

“आमच्याकडे देवीसाठी डोंगर चढायचा,” तो मला हळूच म्हणाला. “इथे ती घरी येते.”

फाटक त्याने सकाळीच बिजागऱ्यांतून काढून ठेवलं होतं.