डिशवॉशरमधल्या मुंग्या

आमच्या डिशवॉशरला झालेल्या मुंग्या मी आठवडाभर खडूनं मारत होतो.

मी माजरीच्या कोळसा खाणीत इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे माझी लाज काढायला उपयोगी पडेल.)

सुरुवात बायकोनं केली. "अवो, भांड्याच्या मशीनले हात लावला का मुंग्या येऊन राह्यल्या."

मी पेपरातून मान न काढता विचारलं, "लाल का काळ्या?"

"मले काय दिसून राह्यल्या का! येते अन् जाते."

"म्हणजे बारीक असतील."

"कोरड्या हाताले बारीक. ओला हात लावला का मोठ्या!"

पाण्याला मुंग्या येतात हे मला नवीन होतं, पण पटलं. मुंग्यांचा खडू आणला आणि मशीनभोवती जाड रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी मुंग्या पुन्हा आल्या. मी दुसरी रेघ ओढली. रविवारपर्यंत स्वयंपाकघरात कबड्डीचं मैदान आखून झालं होतं!

रविवारी सावलीहून सासूबाई आल्या. चहाचे कप मशीनमध्ये ठेवायला गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "जवाईबापू, तुमच्या मुंग्या त खांद्यापर्यंत चढते जी!"

खांद्यापर्यंत? हात लावल्याबरोबर? मुंगी इतक्या वेगानं चढत नाही. इतक्या वेगानं एकच वस्तू चढते, आणि तिच्यावरच माझा पगार चालतो.

टेस्टर शोधून धावलो, मशीनच्या पत्र्याला टेकवला. आतला दिवा भक्कन पेटला! आठवडाभर माझी बायको या पत्र्याला ओल्या हातानं शिवत होती, आणि मी तिला मुंग्यांचा रंग विचारत होतो. मी घाबरलो. खाणीत कधी घाबरलो नाही इतका घाबरलो.

मान वर केली, तर सासूबाई मशीनला टेकून उभ्या! डोळे मिटलेले. ओठ हलतायत, आवाज नाही.

"आई! हात काढा!"

ओठ तसेच हलत राहिले.

चिकटल्या! खाणीत दर सोमवारी मी माणसांना शिकवतो: पहिले मेन बंद करा, ते जमलं नाही तरच कोरड्या लाकडानं ढकला. पहिला भाग मी साफ विसरलो. (मेन स्विच माझ्या डोक्यामागेच होता!) कोपऱ्यातला लांब दांड्याचा झाडू उचलला आणि जीव खाऊन त्यांना ढकललं.

"अवं माय! जवाई झाडूनं मारते वं मले!"

सासूबाई दोन पावलं पलीकडे, ठणठणीत. त्या कुकरच्या शिट्ट्या मोजत होत्या! पुन्हा मुंग्या येऊ नयेत म्हणून आता पायात रबरी चप्पल, आणि मशीनवर दुहेरी टॉवेल. घरात विजेतलं कळणाऱ्या त्या एकट्याच निघाल्या.

आता मेन बंद केला, प्लग काढला, मागचा पत्रा खोलला. पाणी तापवणारं एलिमेंट खराब होऊन पत्र्यात करंट सोडत होतं. पण मग तो अर्थिंगमधून जमिनीत का गेला नाही? प्लग उलटा करून पाहिला. अर्थिंगची तिसरी पिन गायब!

"ही कोणी कापली?" मी गरजलो.

"तुमीच!" बायको म्हणाली. "बोर्डात बसत नव्हती, त 'दोनवर चालते' म्हणून पकडीनं तोडली."

मी आवाज खाली आणला. नवं एलिमेंट बसवलं, नवा तीन पिनांचा प्लग आणि बोर्ड लावला, अर्थिंगची तार जोडली, दहा वेळा टेस्टर लावून पाहिला. मग ओलं फडकं घेऊन खडूच्या रेघा पुसायला बसलो, तर बायकोनं हात धरला.

"राहू द्या त्या."

"अगं, आता मुंग्या नाईत."

"मुंग्यांसाठी नाई, तुमच्यासाठी. याच्या आत पाय ठेवाचा नाई!"