उरलेला प्याला

सेक्रेटरीसाहेबांच्या बायकोनं भाकर घेतली. प्याला समोर आला तसा तिनं तोंडावर रुमाल धरला आणि मान हलवली. नको.

दादाला वाटलं, बाईंना ठसका लागला असेल. तो जरा थांबला आणि प्याला पुन्हा पुढं केला. या वेळी बाईंनी अख्खी मानच मागं घेतली. त्यांच्या शेजारी सेक्रेटरीसाहेब गुडघे टेकून होते. त्यांनी ओठ घट्ट मिटले. त्यांच्या शेजारी त्यांची सून. ती उठूनच गेली. मग वेदीपुढच्या कठड्याशी दुसरी रांग आली. मग तिसरी. भाकर सगळ्यांनी घेतली. प्याला आला की कुणी मान हलवली, कुणी डोळे मिटले, कुणी पदर तोंडाला लावला.

हातचं चाललं. उष्टं चाललं नाही.

मी शेवटच्या बाकावरून बघत होते. पांढऱ्या झग्यात दादा, माझा सख्खा भाऊ, उभा होता आणि त्याच्या दोन्ही हातांत काठोकाठ भरलेला चांदीचा प्याला होता. 

आमचं देऊळ घाटकोपरला टेकडीच्या पायथ्याशी. लहानसं, दगडी. गोऱ्या साहेबांनी बांधलेलं. स्वातंत्र्यानंतर गोरे गेले, तरी आमचा म्हातारा गोरा पाद्री बरीच वर्षं टिकून होता. मग तोही विलायतेला गेला आणि मंडळीला पाळक उरला नाही. नवा पाळक नेमायचा बिशपसाहेबांनी, पण मंडळीच्या कमिटीला विचारून. म्हणून कमिटीनं रीत ठरवली. एकेका उमेदवाराला एकेका रविवारी बोलवायचं. त्यानं उपदेश करायचा, प्रभुभोजन म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा प्याला द्यायचा, आणि मग कमिटीनं आपलं मत सांगायचं.

कमिटी म्हणजे पुढचे बाक, आणि तिचे सेक्रेटरी ते आमचे सेक्रेटरीसाहेब. त्यांचे आजोबा ब्राह्मणाचे ख्रिस्ती झालेले. आमचे आजोबा नगर जिल्ह्यात महाराचे ख्रिस्ती झाले. बाप्तिस्म्याचं पाणी दोघांच्याही डोक्यावर सारखंच पडलं असणार. पण देवळात ते पुढं बसायचे आणि आम्ही मागं. कठड्याशी आधी ते जायचे, त्यांचं झालं की आम्ही. असं कुठं लिहिलेलं नव्हतं. आम्हाला कुणी सांगितलंही नव्हतं. आम्ही आपलं थांबायचो. लहानपणी मला वाटायचं, आपण गरीब म्हणून मागं. मोठी झाल्यावर कळलं, प्याला एकच असतो. आम्ही शेवटी प्यालो की आमच्यामागून कुणाला प्यावं लागत नाही.

आता पाळकाची गोष्ट वेगळी. पाळक सगळ्यांच्या आधी पितो. नियमच तसा आहे. आणि या वेळी नगरकडच्या एका खेड्यातून उमेदवार पाळक होऊन आला होता तो मागच्या बाकावरचा मुलगा.

गोऱ्या पाद्र्याला बारा महिने खोकला. मिशा तर अशा, की प्याल्यात बुडायच्याच. त्याच्यामागून पुढचे बाक भक्तिभावानं प्यायचे. तेव्हा कुणाला जंतू आठवले नाहीत. दादाला खोकला नव्हता, मिशाही नव्हत्या. उपासनेनंतर सेक्रेटरीसाहेबांची बायको बाहेर कुणाला तरी सांगत होती, "डॉक्टरांनीच सांगितलंय हो, एका प्याल्यातून नको. टीबी किती पसरलाय." याच बाईंकडं माझी आई भांडी घासायची. आईनं घासलेल्या पेल्यातून त्या रोज पाणी प्यायच्या.

पण ते नंतरचं. आधी त्या प्याल्याचं सांगते.

पुढचे बाक परतले. आता आमची पाळी. आमच्यातली निम्मी माणसं माहुलला तेलाच्या कारखान्याच्या बांधकामावर मजुरीला जायची, आणि तिथं माणसं लावायचं काम सेक्रेटरीसाहेबांच्या हातात. साहेबांनी बाकावरून वळून एकदाच मागं पाहिलं.  शांतवनकाका आमचे सगळ्यांत वडील. दादाला त्यांनी कडेवर खेळवलेलं. ते अर्धे उठले होते. तसेच खाली बसले. ते बसले तसे बाकीचेही बसून राहिले.

आई उठली. मी तिचा हात धरला. आम्ही दोघी त्या लांबलचक देवळातून चालत पुढं गेलो. बाकी कुणी नाही.

उरलेला द्राक्षारस फेकत नाहीत. परत बाटलीतही ओतत नाहीत. एकदा त्याच्यावर प्रार्थना झाली की ते प्रभूचं रक्त, आणि जे उरेल ते पाळकानं तिथंच, वेदीपाशी, सगळ्यांसमोर संपवायचं. देऊळ झाडणाऱ्या माझ्या आईला हे पक्कं माहीत होतं. तिनं प्याला तोंडाला लावला. एक घोट घेतला. मग दुसरा. मग तिसरा घ्यायला लागली. लेकराच्या वाटणीचं जमेल तेवढं कमी करावं म्हणून. दादानं हळूच प्याला मागं घेतला. म्हणाला, "बस, आई." प्रभुभोजनात असं बोलायचं नसतं. पण बोलला.

मी दोन घोट घेतले. आणखी घ्यायचं मला सुचलं नाही, आणि तो देणारही नव्हता.

आमचा बाप हातभट्टीची दारू पिऊन मेला. दादा तेव्हा लहान होता. तेव्हापासून नुसत्या वासानंही तो उठून बाहेर जायचा. प्रभुभोजनाच्या आधी पाळक काही खात नाही, म्हणून त्याच्या पोटात पाणीसुद्धा नव्हतं. तो वेदीकडं वळला. पाठ आमच्याकडं. त्यानं प्याला उचलला आणि प्यायला लागला. थांबत थांबत. मध्ये एकदा त्यानं वेदीच्या कडेला हात टेकला. देवळात एवढी शांतता की त्याच्या घशाचा आवाज ऐकू येत होता. अख्ख्या मंडळीचा द्राक्षारस माझ्या भावानं एकट्यानं संपवला. मग पाणी ओतून प्याला धुतला, तेही प्यायला, आणि पुसून ठेवला.

आशीर्वाद देताना त्याची जीभ अडखळली. एक ओळ राहिली. वेदीच्या पायऱ्या उतरताना त्याचा झोक गेला आणि त्यानं कठडा धरला. पुढच्या बाकावर कुणीतरी हसलं.

देवळामागच्या खोलीत कमिटी बसली. आई आणि मी बाहेर चहाचं बघत होतो. दादा आत होता. दार उघडंच. मला वाटलं, जंतूंबिंतूंचं काहीतरी सांगतील, किंवा इंग्रजी कच्चं आहे म्हणतील. सेक्रेटरीसाहेबांनी तसलं काही काढलंच नाही. ते शांतपणे म्हणाले, "वेदीपाशी तोल जातो, तोंडाला वास येतो. हे दारूबंदीचे दिवस आहेत. बिशपसाहेबांना मी काय सांगू?"

आई हातातलं ताट ठेवून आत धावली. "सायेब, माझ्या पोरानं कदी थेंब घेतला न्हाई! त्याच्या बापापायी त्यानं—"

"तेच म्हणतोय मी," साहेब म्हणाले. "रक्तातच असतं ते. त्याचा तरी काय दोष."

मी दारात उभी होते.  मी म्हटलं, "साहेब, तुम्ही प्यायला नाहीत म्हणून त्याला प्यावं लागलं."

"तू शाळेत शिकवतेस ना आपल्या?" ते म्हणाले. शाळा कमिटीचीच होती. मी बालवर्गाची बाई. "मग मोठ्यांशी कसं बोलावं ते आधी शिक."

मी दादाकडं पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं त्यानं. फक्त एक. मी प्यायलो ते वेदीवरचं होतं, एवढंच. तो खाली बघत राहिला.  साहेब म्हणाले, "बघा, गप्प आहे." आणि विषय संपला.

घरी आल्यावर मी त्याला फाडून खाल्लं. "का नाही बोललास? तोंड शिवलं होतं का रे तुझं?"

तो आमच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसला होता. अजून जेवला नव्हता. म्हणाला, "काय बोलू गं? द्राक्षारसानं चढली म्हणू? ते प्रभूचं रक्त होतं. मीच प्रार्थना केली होती त्याच्यावर. त्याला दारू म्हणून मी माझी सुटका करून घेऊ?"

 मला राग आला. साहेबांचा आला, कमिटीचा आला, त्याचाही आला. ज्या गोष्टीवर ते नुसतं तोंडानं आमेन म्हणत होते, तिच्यावर माझ्या भावाचा खरोखरचा विश्वास होता. त्या विश्वासातच त्यांनी त्याला अडकवला आणि घरी जाऊन जेवले. मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

दादा नगरकडं त्याच्या खेड्यातल्या देवळात परत गेला. पुन्हा कुठं उमेदवार म्हणून उभा राहिला नाही. मी एकदा सुट्टीत गेले होते तेव्हा त्याची उपासना पाहिली. खेड्यातली मंडळी सगळी आमचीच. सगळे त्याच्यावर जीव ओवाळून टाकणारे. तरी माझ्या भावानं प्याल्यात द्राक्षारस ओतला तो तळ झाकेल इतकाच. माणसं येतील तसा तो थोडा थोडा ओतायचा, आणि दर वेळी त्यावर नव्यानं प्रार्थना करायचा. उपासना लांबायची. लोक म्हणायचे, पाळकबुवा फार भाविक. मला माहीत होतं ते काय आहे. एकदा भाजलं की पोरं चुलीजवळ जाताना कशी हात आखडतात, तसं होतं ते. मी बाहेर येऊन चिंचेखाली बसले. मला ते बघवलं नाही.

शांतवनकाका एकदा संध्याकाळी आमच्याकडं आले. बसले नाहीत. "पोरी, माझा कामाचा सवाल होता गं," एवढंच म्हणाले. आईनं त्यांना पाणी दिलं.  त्यांच्यावर रागवायचं माझ्यात त्राणही नव्हतं.

पुढं काही महिन्यांनी कमिटीनं पाळक पसंत केला. पुण्याकडचा, चांगल्या घराण्यातला, फर्डं इंग्रजी बोलणारा. माणूस वाईट नव्हता. तरुण, गोंधळलेला, सगळ्यांशी हसून बोलणारा. सेक्रेटरीसाहेबांच्याच नात्यातला कुणीतरी. त्याच्या पहिल्या रविवारी देऊळ फुलांनी सजवलं होतं. टीबीचं नाव कुणी काढलं नाही. डॉक्टरांनी बहुतेक परवानगी दिली असावी.

त्या दिवशी मी पुढच्या बाकावर जाऊन बसले. आई मागून हाका मारत होती. "अगं ये इकडं! येडी का खुळी तू!" सेक्रेटरीसाहेबांच्या बायकोनं साडी सावरून अंग चोरलं. म्हणाली, "तुम्ही मंडळी मागं बसता ना?" मी म्हटलं, "बसायचो."

पाळक प्यायला. वळला. बोलावलं. मी उठले.

साहेबांनी हात आडवा केला. हळू आवाजात म्हणाले, "थांब. आधी आमचं होऊ दे."

मी मोठ्यानं विचारलं, "का?"

सगळं देऊळ ऐकत होतं. त्या 'का'ला देवळात देता येईल असं उत्तर त्यांच्याकडं नव्हतं. त्यांचा हात खाली आला. मी जाऊन कठड्याशी गुडघे टेकले. अगदी पहिल्या जागी. ते सगळे माझ्या बाजूला येऊन टेकले, कारण पाळक त्यांचा होता आणि पाहुणे आलेले होते. मी भाकर घेतली. प्याला आला. पाळकाची नजर क्षणभर साहेबांकडं गेली. मी हात पुढं केला तसा त्यानं प्याला दिला. मी सावकाश प्यायले. ओठ टेकवून, नीट.

मग प्याला बाईंकडं गेला. त्यांनी रुमाल काढला. आणि मी माझ्या कानांनी ऐकलं, साहेब दातांतल्या दातांत बायकोला म्हणाले, "पी. नाहीतर सगळं त्याला संपवावं लागेल."

बाई प्यायल्या. साहेब प्यायले, डोळे मिटून, एरंडेल प्यावं तसे. सून प्यायली. रांग प्यायली.

मी गुडघ्यांवरच होते.  म्हणजे त्यांना माहीत होतं. दादाच्या वेळीही माहीत होतं. ओठ मिटून घेताना त्यांना पुढचं सगळं दिसत होतं, तो झोक, तो वास, ते बिशपसाहेबांना सांगायचं कारण. इतके महिने मी मनाशी म्हणत होते की त्यांना किळस आली, शिवाशिव आली, बाकीचं आपोआप घडलं. आपोआप काहीच घडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून मला काढलं. कारण विचारलं तर सांगितलं, वागणूक. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, "वाकोल्याच्या मावशीकडं जा. तिथल्या देवळात जा. इथं नको आता." मी नाही गेले. मी मालाडला एका शिवणाच्या कारखान्यात काम धरलं. रविवारी सुट्टी मिळेल का, एवढंच आधी विचारलं.

हे देऊळ माझ्या आईनं झाडलंय. इथं माझ्या भावाला त्यांनी आमच्या देवाच्याच प्याल्यानं मारलं. मी इथून हलणार नाही. दर रविवारी मी पुढच्या बाकावर बसणार, सगळ्यांच्या आधी उठणार आणि पाळकाच्या मागून पहिला घोट मी घेणार. ज्याला माझ्यामागून प्यायचं नसेल त्यानं पिऊ नये. पण मी आता कुणासाठीही थांबणार नाही.