खिळे धरणारा ओठ

आमच्या ह्यांचं काम सोफा-खुर्च्यांना कापड चढवायचं. एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्यात हातोडी. मग खिळे ठेवायचे कुठे? ओठांत. एका वेळी वीसेक बारीक खिळे, वर गिऱ्हाइकाशी गप्पा. मी ओरडून ओरडून थकले, पण ऐकतील तर शपथ.

मग खालच्या ओठावर एक जखम झाली, ती काही केल्या बरी होईना. तपासणीत कॅन्सर निघाला. डॉक्टरबाईंनी निम्म्याहून जास्त ओठ काढला आणि गालाचा भाग सरकवून नवा बेतला. "तुमच्यासारखंच काम," त्या म्हणाल्या, "आहे त्या कापडात भागवायचं." हे हसायला गेले आणि टाके ओढले गेले.

नवा ओठ दिसायला ठीकठाक. पण तोंड लहान झालं. नातीच्या चमच्याने भात भरवावा लागे. आणि ओठाला, हनुवटीला काही कळेचना. "वर्षभर वाट बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "येईल कदाचित संवेदना."

चहा ओघळला तरी ह्यांना पत्ता नसे. दिवसभर मी रुमाल घेऊन मागे. लोकांसमोर पुसलं की हे मान फिरवत. मला काय हौस होती? खरं सांगते, राग यायचा. आजाराचा नव्हे, ह्यांचाच. मग माझी मलाच लाज वाटे.

आठव्या महिन्यात हे हट्टाने दुकानात बसले. मी खिळ्यांची वाटी हाताशी ठेवली होती, पण सवय कुठली सुटायला! चार खिळे ओठांत धरले. तीन ठोकले आणि चौथा खुर्चीखाली शोधू लागले.

"गेला कुठं गं?"

तो ओल्या ओठालाच चिकटून लोंबत होता. मी काढला, तेही ह्यांना कळलं नाही. माझ्या हातातला खिळा बघून हातोडी खाली ठेवली.

"विकून टाक सगळं," एवढंच म्हणाले.

मी विकलं काही नाही. दुकानाला कुलूप घातलं.

अकराव्या महिन्यातली एक सकाळ. चहाचा थेंब ओठाच्या कडेला आला. मी उसासा टाकून रुमाल उचलला, तोवर ह्यांनी स्वतःच मनगटाने पुसला.

"केवढा गरम दिलायस! भाजलं ना!"

मी तशीच बघत राहिले. मग त्यांच्याही लक्षात आलं. मी त्याच रुमालाने डोळे पुसले, दुकान उघडून खिळ्यांची वाटी आणली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

"आधी एकच घ्या," म्हटलं.